गिलानहून आलेला वजीर : महमूद गावान

बिदरच्या पातशहाचे नाव आपल्या घरांत पहिल्यांदा कानावर पडते ते दामाजीपंतांच्या कथेत. मंगळवेढ्याची कोठारे पंतांनी दुष्काळात लोकांना खुली केली आणि त्या धान्याचे पैसे भरायला विठू महाराच्या रूपाने पांडुरंग बिदरच्या दरबारात येऊन उभा राहिला. सोलापूर-पंढरपूरकडच्या आजीला ही कथा सांगताना बिदर म्हणजे सात समुद्रांपलीकडचे गाव वाटत असे. आपण मात्र त्या गावात दळण आणायला जातो.

कथेचा काळ परंपरेने पंधरावे शतक मानतात. त्याच शतकात या दरबारात खरोखरीच फार लांबून आलेला एक माणूस उभा राहिला, अठ्ठावीस वर्षे इथे वावरला आणि इथल्याच मातीत गेला. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना अर्धी निळी-हिरवी आणि अर्धी उघडी पडलेली जी भव्य इमारत लागते, तिच्यामुळे त्याचे नाव गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. शाळेची सहल तिथे जाते, फोटो निघतात, डबे उघडतात. पण ज्याने ती बांधली तो कोण, कुठला, इथे कशाला आला आणि त्याचे काय झाले, हे विचारले तर मोठी माणसेही ‘कोणी इराणी वजीर होता’ यापलीकडे फारसे सांगत नाहीत.

महमूदचा जन्म १४११ च्या सुमारास कास्पियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गिलान प्रांतात, कावान नावाच्या गावी झाला. त्याच गावावरून गावान. घराणे प्रतिष्ठित होते, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या राजांकडे वजिरी आणि मोठे हुद्दे होते. म्हणजे तो पोटासाठी बाहेर पडलेला माणूस नव्हे. दरबारात भाऊबंदकी आणि कारस्थाने वाढली, जीव सांभाळायचा तर दूर झालेले बरे असे वाटले, आणि त्याने व्यापाराचा रस्ता धरला. देशोदेशींच्या विद्वानांना भेटत, माल घेत-विकत तो कैरोला गेला. तिथे इब्न हजर या त्या काळच्या नामांकित हदीसपंडिताकडे शिकला. दमास्कस पाहिले. आपल्याकडे जसे काही व्यापारी काशीयात्रेला निघाले की वाटेत चार गावांची उधारीही वसूल करून येत, तसे काहीसे हे जगणे होते. विद्या आणि तराजू एकाच गाठोड्यात.

१४५३ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, तो कोकणात दाभोळ बंदरात उतरला. मनात होते ते असे की, बिदरला जाऊन शाह मुहिबुल्ला या सत्पुरुषाची भेट घ्यावी आणि पुढे दिल्लीचा रस्ता धरावा. दिल्ली राहिलीच. सुलतान अलाउद्दीन अहमदने त्याची विद्वत्ता पाहिली, ठेवून घेतले आणि हजाराची मनसब दिली. पाहुणा म्हणून आलेला माणूस मुक्कामाचा झाला. आपल्या कितीतरी घराण्यांच्या वंशावळीत अशीच एक नोंद सापडते : कोणी मूळपुरुष यात्रेला निघाला, वाटेत कुठे हिशेब लिहायला माणूस हवा होता, आणि तो तिथेच राहिला.

पण बिदरला परदेशी माणसाचे एवढे अप्रूप का, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

बहमनी राज्य १३४७ साली स्थापन झाले आणि गुलबर्गा ही त्याची राजधानी झाली. दिल्लीशी संबंध तुटलेले, म्हणून उत्तरेकडून माणसांचा ओघ आटला. कारभाराला लेखक हवेत, सैन्याला स्वार हवेत, दरबाराला शोभा हवी. मग नजर वळली पश्चिमेच्या समुद्राकडे. फिरोजशहा बहमनी दरवर्षी गोवा आणि चौल बंदरांतून गलबते धाडून परदेशांतले गुणी लोक आणवीत असे, असे फिरिश्ता लिहितो. त्याच्या मागून आलेल्या अहमदशहाने राजधानी बिदरला हलवली आणि किरमानच्या शाह निअमतुल्ला यांच्या वंशजांना इथे बोलावून घेतले. अष्टूरला जाताना लागणारी खलीलुल्लांची चौखंडी त्यांचीच. नौबादची जमिनीखालून पाणी नेणारी सुरंगबावडी ही इराणी करेजची विद्या. बिदरी कामही इराणकडच्या कारागिरांनी इथे आणले अशी परंपरा आहे, मात्र ते भांडे काळे करायला लागणारी माती आपल्या किल्ल्यातली. ती दुसरीकडे सापडत नाही असे कारागीर आजही सांगतात.

या नव्याने आलेल्यांना आफाकी म्हणत, म्हणजे क्षितिजापलीकडचे. त्यांना दुसराही एक शब्द होता, गरीब. अरबीत गरीब म्हणजे परका, घरापासून तुटलेला. मराठीत तो शब्द आला आणि त्याचा अर्थ पैसा नसलेला असा झाला. बिदरच्या आफाकींना मात्र पैशाची ददात नव्हती. मोठमोठे हुद्दे त्यांना मिळत, आणि दुखणे तिथेच होते.

त्यांच्या विरुद्ध उभे होते दख्खनी. आता हे दख्खनी कोण? त्यांतले बरेचसे १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवलेल्या लोकांचे वंशज. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी तेही इथे परकेच होते. रडतकुढत आले, इथली बोली उचलली, इथल्या बायका केल्या, इथले अन्न त्यांना मानवले आणि ते इथले झाले. त्यांच्या जोडीला आफ्रिकेतून आणलेले हबशी आणि इथलेच धर्मांतर केलेले लोक. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी मलिक हसन निजामउल्मुल्क हा तर जन्माने ब्राह्मण, त्याचे पूर्वज परभणीकडच्या पाथरीचे कुलकर्णी अशी हकीकत फिरिश्ता देतो. आधी आलेल्याला नंतर आलेला खुपतो, हे काही बिदरपुरते नाही. मुंबईत, पुण्यात, आणि आपली मुले जिथे नोकरीला गेली आहेत त्या परदेशी शहरांतही हेच ऐकू येते. पण बिदरात त्याला तलवारीची धार होती. महमूद इथे स्थिर होण्याच्या थोडे आधी खलफ हसन बसरी या आफाकी सरदाराची फौज कोकणात शिर्के आणि संगमेश्वरकर राजांनी घाटाच्या जंगलात गाठून कापून काढली. जे वाचले ते चाकणच्या गढीत शिरले. तेव्हा दख्खनी सरदारांनी सुलतानाला भलतेच काही कळवून, अभय देऊन बाहेर काढलेल्या त्या लोकांची कत्तल केली. शिर्क्यांच्या हातून वाचलेले आपल्याच राज्याच्या लोकांकडून मेले.

अशा गावी महमूदने बिऱ्हाड केले.

पुढे हुमायूनशहा गादीवर आला. इतिहासात याला जालीम म्हणतात आणि ते विशेषण त्याने कमावलेले आहे. पण माणसाची पारख त्याला होती. त्याने महमूदला मलिकउत्तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब दिला, विजापूरचा सुभा दिला आणि राज्याचा मुख्य कारभारी केले. हाच किताब त्याच्याआधी त्या कोकणात संपलेल्या खलफ हसनला होता, आणि महमूदला ते माहीत नसेल असे नाही.

१४६१ मध्ये हुमायून मेला. गादीवर आठ वर्षांचा निजामशहा. राज्य चालवायला तिघांचे मंडळ बसले : राजमाता मख्दुमा-ए-जहाँ, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद. पोरगा गादीवर आणि बाई पडद्याआड म्हटल्यावर शेजाऱ्यांना चेव आला. ओरिसाचा राजा बिदरच्या जवळ येऊन गेला. १४६२ मध्ये माळव्याचा महमूद खिलजी नांदेडकडच्या कंधारजवळ बहमनी फौज उधळून थेट बिदरला येऊन भिडला. राजमाता मुलाला घेऊन भीमेकाठच्या फिरोजाबादेला गेली. कलबुर्गी जिल्ह्यातल्या त्या ओसाड तटबंदीत आज शेते आहेत. महमूदने गुजरातच्या सुलतानाची मदत मिळवली, खिलजीची रसद तोडली आणि त्याला परत पिटाळले. पुढच्या वर्षी निजामशहा वारला, त्याचा नऊ-दहा वर्षांचा भाऊ महंमद गादीवर आला. ख्वाजा जहान तुर्काची सत्ता डोईजड झाल्यावर राजमातेने त्याला दूर केले, तेही जिवे मारून. १४६६ पासून महमूद वजीर झाला. तोवर त्याला इथे तेरा वर्षे झाली होती.

सरदारकी आणि वजिरीचे पुढचे वर्णन पुस्तकांतून भरपूर मिळते, म्हणून थोडक्यात सांगतो. १४६९ पासून त्याने कोकणात मोहीम काढली. जिथे खलफ हसनची फौज बुडाली तोच हा मुलूख. यावेळी घाई नव्हती. जंगल तोडत, जाळत तो पुढे गेला, पावसाळ्यात कोल्हापुराकडे गवताच्या झोपड्या बांधून थांबला आणि उघडीप झाल्यावर पुन्हा चढला. रांगणा, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, संगमेश्वर, आणि १ फेब्रुवारी १४७२ रोजी गोवा त्याने घेतला. आपल्या मराठी माणसाच्या नजरेने पाहिले तर ही आपल्याच लोकांवरची चाल होती, ते झाकण्यात अर्थ नाही. त्याच्या लेखी मात्र ही बंदरे म्हणजे घोडे, रेशीम, मक्केची यात्रा आणि स्वतःच्या मायभूमीशी जोडलेली नाळ होती. तो स्वतः दाभोळलाच उतरला होता.

गोव्याहून परतल्यावरची एक हकीकत फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे. सुलतान आठवडाभर महमूदच्या घरी पाहुणा राहिला, राजमातेने त्याला भाऊ म्हटले, मानाचे किताब झाले. बिदरात त्या दिवशी त्याच्याएवढा मोठा माणूस दुसरा नव्हता. सुलतान गेल्यावर महमूद आतल्या खोलीत गेला, जरीचे कपडे उतरवले आणि पुष्कळ वेळ रडला. मग जाडेभरडे वस्त्र नेसून बाहेर आला, गावातल्या फकिरांना आणि विद्वानांना बोलावले आणि घरातली रोकड, जडजवाहीर सगळे वाटून टाकले. पुस्तके, हत्ती आणि घोडे तेवढे ठेवले. हे का ठेवले असे कोणीसे विचारले तेव्हा त्याने सांगितले की, पुस्तके विद्यार्थ्यांची आहेत आणि जनावरे सुलतानाची. आपली म्हणून वाटायला ती आपली नाहीत. फिरिश्ता सव्वाशे वर्षांनंतर लिहीत होता आणि तोही समुद्रापलीकडून आलेलाच, म्हणून या कथेत थोडी भक्ती मिसळली असेल असे म्हणायला जागा आहे. तरी मला ती खरी वाटते. परक्या गावात फार उंच चढलेल्या माणसाला त्या उंचीची भीती वाटते, ती इथे दिसते.

त्याच वर्षी मदरसा पुरा झाला. सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद, तीन मजली, समोर शंभर फुटांहून उंच दोन मिनार, दर्शनी भागावर इराणी फरशांचे रंगीत काम. विद्यार्थ्यांना राहायला ३६ खोल्या, शिक्षकांना वेगळी घरे, आणि ३००० ग्रंथांचा संग्रह. बिदरच्या तांबड्या मातीत आणि काळ्या दगडांत ही इमारत आजही जरा वेगळीच दिसते. तिच्या बांधणाऱ्याला ती समरकंदच्या किंवा हेरातच्या रस्त्यावर शोभेल अशीच हवी होती. हेरातचा थोर कवी जामी याला त्याने पत्रे लिहून बिदरला बोलावले. जामी आला नाही, पत्रव्यवहार मात्र राहिला. महमूदची अशी पत्रे ‘रियाजुल इन्शा’ नावाने आजही उपलब्ध आहेत. गिलानच्या राजाला, तुर्कस्तानच्या सुलतानाला, विद्वानांना, नातलगांना आणि मुलांना लिहिलेली. घरापासून हजारो कोसांवर राहून तो तिकडच्या मुलांच्या वागणुकीची काळजी करतो, त्यांना खडसावतो, आणि इथल्या मत्सरी लोकांबद्दल मन मोकळे करतो. आमच्या पिढीला असा मजकूर निळ्या आंतर्देशीय पत्रांतून ओळखीचा आहे.

टीका करायची तर इथेच करता येते. वीस वर्षे इथे राहून त्याचे मन कास्पियनच्या किनाऱ्यावरून पुरते उतरले नाही. त्याच्या दरबारी जगाची भाषा फारसी राहिली. त्याच सुमारास त्वेर गावचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन चौल-जुन्नरवरून बिदरला येऊन राहिला होता. गुलबर्ग्याला आणि आपल्या आळंदच्या जत्रेलाही तो जाऊन आला. एक घोडा विकायला हिंडणाऱ्या त्या परक्या माणसाच्या नजरेलाही हेच दिसले की इथे राज्य करणारे सगळे खुरासाणी आहेत, त्यांचा थाट डोळे दिपवणारा आहे आणि गावखेड्यातली माणसे उघडीवाघडी आहेत.

पण माणूस काय वाचतो आणि कोणाला पत्रे लिहितो यापेक्षा हातात सत्ता असताना काय करतो ते पाहावे. राज्यात चार तरफा म्हणजे सुभे होते, महमूदने त्यांचे आठ केले. वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर, दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्याचे गुलबर्गा आणि विजापूर, तेलंगणाचे राजमहेंद्री आणि वरंगळ. सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर किल्लेदार बिदरहून नेमले जाऊ लागले. जमिनीची मोजणी सुरू केली, काही गावे थेट सरकारी खालसात घेतली. पाचशे स्वारांच्या सरदाराचा तनखा एक लाख होनांवरून सव्वा लाख केला, पण हजेरीला जितके स्वार कमी, तितकी रक्कम कापायची. आजवर कागदावरच्या घोड्यांचा पगार खाणाऱ्यांना हे किती झोंबले असेल ते सांगायला नको.

आणि या आठ जागा त्याने कोणाला दिल्या? गाविलगडला फत्तेउल्ला इमादउल्मुल्क, राजमहेंद्रीला निजामउल्मुल्क, हे दख्खनी. माहूर आणि गुलबर्ग्याला हबशी सरदार. दौलताबाद, जुन्नर, वरंगळ आणि स्वतःकडचे विजापूर आफाकींकडे. निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे. स्वतः परदेशी असून आपल्या माणसांची भरती करायचा मोह त्याने टाळला. चाकणची आठवण ताजी असताना हे सोपे नव्हते. आफाकींनाही ते आवडले नसणार.

त्याचा हिशेब एका जागी चुकला. तराजूची पारडी सारखी केली की दोन्हीकडचे समाधानी होतील असे त्याला वाटले. ज्याचा सुभा अर्धा झाला आणि किल्ले गेले, त्याला समोरच्याचेही अर्धे झाले याने समाधान होत नाही. निजामउल्मुल्काला सगळा तेलंगण हवा होता.

महमूदकडे एक हबशी गुलाम शिक्का सांभाळायला होता. त्याच्याशी काही जणांनी मैत्री केली, त्याला दारू पाजली आणि एका मित्राचा हिशेबाचा कागद आहे असे सांगून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्या कागदावर महमूदच्या नावाने ओरिसाच्या राजाला पत्र लिहिले गेले, की सुलतान व्यसनी आहे, लोक कंटाळले आहेत, तुम्ही चालून या. सुलतानाची छावणी तेव्हा आंध्र किनाऱ्याकडे कोंडापल्लीला होती. पत्र सुलतानाच्या हाती पडेल अशी तजवीज झाली. तो नशेत होता. महमूदला बोलावणे गेले. त्याच्या माणसांनी विनवले की घोडे तयार आहेत, गुजरातकडे निघून जाऊ. त्याने ऐकले नाही. सुलतानाने विचारले, स्वामीद्रोह्याला शिक्षा काय? त्याने सांगितले, मृत्यू. पत्र पुढे केल्यावर शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, एवढेच तो म्हणाला. ५ एप्रिल १४८१ रोजी जौहर नावाच्या हबशी गुलामाने त्याचा शिरच्छेद केला. वय सत्तरीचे.

जमवलेली संपत्ती किती निघते हे पाहायला सुलतानाने त्याच्या खजिनदाराला बोलावले. खजिनदाराने वह्या उघडल्या. जहागिरीचे उत्पन्न स्वारांच्या पगारात आणि दानधर्मात गेलेले. स्वतःच्या पोटाला महमूद इराणहून आणलेल्या ४०,००० लारींच्या भांडवलावर व्यापार करून मिळणारा नफा वापरत होता. लारी म्हणजे इराणी आखाताकडचे चांदीचे नाणे. अठ्ठावीस वर्षे वजिरी-सरदारी करून तो जेवत होता ते स्वतःच्या दुकानातले. पत्राचा कागद घेऊन कोण गेला, कुठे पकडला, हे कोणी तपासले होते का, असेही त्या खजिनदाराने धीर करून विचारले. सुलतानाकडे उत्तर नव्हते.

छावणीतले मोठे सरदार आपापल्या फौजा घेऊन वेगळे झाले, दख्खनीही आणि आफाकीही. सुलतान पुढच्याच वर्षी, मार्च १४८२ मध्ये, दारूने गेला. मरताना महमूद आपले काळीज फाडतो आहे असे ओरडत होता म्हणतात. निजामउल्मुल्काला हवी होती ती सत्ता मिळाली आणि थोड्याच वर्षांत त्याचाही खून झाला. त्याच्या मुलाने अहमदनगर वसवले. इमादउल्मुल्काने वऱ्हाड घेतले. विजापूर घेतले ते यूसुफ आदिलखानाने. हा महमूदच्या आश्रयाने वाढलेला, गुलाम म्हणून समुद्रापलीकडून आलेला पोरगा. त्याने मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी लग्न केले. त्यांचा नातू इब्राहिम आदिलशहा याने कित्येक आफाकींना चाकरीतून काढले आणि महसुलाचे दप्तर फारसीतून इथल्या भाषेत आणून ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. महमूदच्या ओट्यावर वाढलेल्या घराचे असे दोन पिढ्यांत झाले. आपल्या घराण्यांतल्या कुलकर्ण्या-देशपांडेपणाची मुळे शोधायला गेले तर त्या दप्तरांच्या आसपास कुठेतरी पोचतील.

मदरसा पुढे दोनशे वर्षे चालला म्हणतात. औरंगजेबाच्या अमलात त्यात फौज आणि दारूगोळा ठेवला गेला, १६९६ च्या सुमारास वीज पडून स्फोट झाला आणि एक मिनार आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा गेला. उरले ते आपण पाहतो.

१९५६ साली आपल्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर एका राज्यात, भालकी, हुमनाबाद, कल्याणी दुसऱ्यात, जहिराबाद आणि नारायणखेड तिसऱ्यात. घर जागचे न हलवता आपल्यातले कितीतरी जण एका रात्रीत मूळचे कुठले असे विचारले जाण्याजोगे झाले. हा प्रश्न मला स्वतःला अजून कधी कचेरीत, कधी बसमध्ये विचारला जातो, बहुधा सहज आणि आपुलकीने. मी गावाचे नाव सांगतो. ते इथलेच, वीस मैलांवरचे.

महमूदला कोंडापल्लीहून बिदरला आणून पुरले. गावाबाहेर गोरनळ्ळीजवळ त्याची कबर आहे. शेजारी अष्टूरला, ज्या राजांची त्याने चाकरी केली, त्यांच्या थडग्यांवर मोठमोठे घुमट आहेत. अहमदशहाच्या उरुसाला तर कलबुर्गीकडच्या माडियाळहून जंगम येतात आणि लिंगायत त्याला अल्लमप्रभू म्हणून पुजतात. महमूदच्या कबरीवर घुमट नाही. उघड्यावर एक चौथरा, वर दगड, आणि कडुनिंबाची सावली. यंदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन तिकडे जायचे आहे. कोणाला यायचे असेल त्यांनी सकाळी सातला मंडळाच्या दारात यावे; उन्हाआधी परत येऊ.